लाकूडकामाचं मासिक लावताय? या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली, बोनस खात्यात पडला की कोणीतरी हमखास विचारतं, "काका, लाकूडकामाचं एक नंबर मासिक कोणतं? नाव सांगा, आत्ताच लावून टाकतो." विचारणारा बहुतेक नोकरदार असतो. नुकताच जिगसॉ, म्हणजे विजेची छोटी करवत, घेतलेला असतो, गच्चीवरच्या खोलीत जुनं टेबल टाकलेलं असतं आणि उत्तर त्याला एका नावात हवं असतं. मी उलट विचारतो, करणार काय आहेस? हत्यारं कोणती आहेत? लाकूड कुठनं आणणार? निम्मे इथंच गळतात.

माझी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉपमध्ये गेली. आठवडाभर फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा घेतात ते नमुने, करायचे आणि सुट्टीला घरात स्टूल, कपाट, देव्हारा असलं काहीतरी. परदेशी मासिकं तेव्हापासून बघतोय. आधी रद्दीतनं उचललेली, मग वर्गणीची, आता टॅबवर. मासिक निवडताना लोक करतात त्या चुका अगदी ठरलेल्या आहेत आणि त्याच त्या बघून आता कंटाळा आलाय.

मुखपृष्ठावर भाळणं

'फाइन वुडवर्किंग'चं मुखपृष्ठ बघून भुरळ पडणारच. अक्रोडाचं नाजूक कपाट, हाताने कापलेले डव्हटेल सांधे, खिडकीतनं येणारा उजेड. १९७५ साली अमेरिकेत हे सुरू झालं तेव्हा आतले फोटो कृष्णधवल होते, तरी लोकांनी ते डोक्यावर घेतलं. कारण त्यात कसलेल्या माणसाने कसलेल्या माणसाशी बोलावं तसं लिहिलेलं असायचं. सांधा का धरतो, रंध्याचं पातं कुठल्या कोनात लावायचं, लाकडाचा रेषा उलटा आला तर काय करायचं. ज्याने अजून पटाशीला धार लावलेली नाही तो हे मासिक लावतो आणि तिसऱ्या अंकापासून नुसती चित्रं बघतो.

अशा माणसाला 'वुडस्मिथ' बरं. १९७९ पासून निघतंय आणि सगळा भर नकाशावर. पहिल्यांदा हे कापा, मग ते, मग इथं खाच. पण वाचून स्वतःचं काहीतरी आखायचं असेल त्याला त्यात वर्षभरातच तोचतोचपणा वाटतो. 'मॉर्टिस अँड टेनन' २०१६ मध्ये सुरू झालं, वर्षातनं दोनदा येतं आणि त्यात जुन्या पद्धतीचं, हातहत्यारांचं काम असतं. राउटर, म्हणजे खाचा पाडायचं विजेचं यंत्र, घेऊन बसलेल्याने ते लावणं म्हणजे पैसे रंकाळ्यात टाकणं. 'पॉप्युलर वुडवर्किंग' मधल्या वाटेचं, थोडं हे थोडं ते. इंग्लंडचं 'द वुडवर्कर' तर १९०१ पासूनचं.

यातलं चांगलं कोणतं हा प्रश्नच मला पटत नाही. वर्गणी भरण्याआधी तीन-चार सुटे अंक वाचा, तेही वेगवेगळ्या महिन्यांचे. डिजिटल सुटे अंक मिळतात. माझी सवय अशी की पेन्सिल घेऊन बसायचं आणि अनुक्रमणिकेत प्रत्येक लेखासमोर खूण करायची. हे मी येत्या सहा महिन्यांत करीन, हे जमेल पण करणार नाही, हे माझ्या कामाचं नाही. पहिल्या प्रकारच्या खुणा अंकाला दोनसुद्धा निघाल्या नाहीत तर मासिक कितीही देखणं असो, सोडून द्या. आपल्या गावात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर आहे. पुस्तक घरी नेण्याआधी उभ्याउभ्या चार पानं चाळायची सवय या गावाला काही नवी नाही. मासिकाची वर्गणी भरतानाच ती कुठं जाते कळत नाही.

माप कोणाचं ते न बघणं

ही माझी खास डोकेदुखी, म्हणून जरा सविस्तर.

पॅटर्नवाल्याची पट्टीच वेगळी असते. बीड ओतल्यावर थंड होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून पॅटर्नची पट्टी तेवढी वाढीव आखलेली असते. साध्या पट्टीने पॅटर्न केला तर कास्टिंग लहान येतं आणि सगळं भंगारात. त्यामुळे कुठलंही माप दिसलं की हे कोणाच्या पट्टीचं, हा प्रश्न आमच्या धंद्यात आपोआप पडतो. बाहेरच्यांना पडत नाही.

राजारामपुरीतला एक पोरगा, माझ्या मित्राचा भाचा, शिकलेला इंजिनिअर. त्याला एका अमेरिकन मासिकात वर्कबेंचचा नकाशा सापडला. 'टू बाय फोर'च्या सोळा पट्ट्या उभ्या कडेवर ठेवून एकमेकींना चिकटवायच्या की वरचा फळा तयार. गडी तडक टिंबर मार्केटला गेला आणि रंधून नेमक्या दोन इंच बाय चार इंच भरतील अशा पट्ट्या घेऊन आला. फेविकॉल लावला, शिकंजे आवळले, खालची चौकट केली, फळ्याला खाचा पाडल्या. मग मला फोन. "काका, मापं सगळी पुस्तकातलीच हाईत, पण बसंना झालंय."

जाऊन बघतो तर फळा ३२ इंच रुंद. नकाशात २४. अमेरिकेत 'टू बाय फोर' हे नुसतं नाव आहे. लाकूड वाळवून, रंधून दुकानात येतं तेव्हा ते दीड इंच बाय साडेतीन इंच उरलेलं असतं, म्हणजे ३८ बाय ८९ मिलिमीटर. सोळा दीड २४, सोळा दुणे ३२. तिथल्या वाचकाला हे ठाऊक असतं, त्यामुळे मासिक दर वेळी समजावत बसत नाही. पोराने खाचा दोन्ही कडांपासून नकाशाप्रमाणे मोजून पाडलेल्या, म्हणजे चौकटीच्या पायांपेक्षा आठ इंच जास्त अंतरावर. एका बाजूचे कुसू, म्हणजे पायांची खाचेत बसणारी टोकं, बसवले की दुसऱ्या बाजूचे आठ इंच अलीकडे. आणि लाकूड? छेद साडेपाच चौरस इंचाच्याही आतला हवा होता, याचा भरला आठ. दीडपट माल गेला, तोही सागाचा.

त्याचं म्हणणं, पायांसाठी आतल्या बाजूला नव्या खाचा पाडू, अर्ध्या तासाचं काम. हा शॉर्टकट ऐकून माझं डोकं फिरलं. त्या बेंचमध्ये पायाची बाहेरची बाजू आणि फळ्याची कड मुद्दाम एका रेषेत ठेवलेली असते. फळी उभी धरून तिची कड रंधायची तर ती वर फळ्याला आणि खाली पायाला टेकली पाहिजे, दोन्हीकडे शिकंजा लागला पाहिजे. पाय चार इंच आत सरकवले की बेंच गेला, जेवायचं टेबल राहिलं. चौकट रुंद करू म्हणावं तर भिंतीला लावलेल्या ३२ इंची बेंचवर पलीकडचं हत्यार घ्यायला हात पोचत नाही.

शेवटी फळा सॉ मिलला नेला. कडेच्या पट्ट्यांना हात लावला नाही, त्यात खाचा होत्या. बरोब्बर मधल्या चार पट्ट्या चिरून काढल्या, करवतीची जाडी त्या टाकाऊ चार पट्ट्यांतूनच जाईल अशा बेताने. दोन्ही अर्ध्यांच्या कडा रंधून परत चिकटवल्या. खाचा आपोआप जागेवर आल्या. निघालेल्या पट्ट्यांचं एक भक्कम स्टूल झालं, त्यावर आता त्याची आई बसून भाजी निवडते.

यात मासिकाची काही चूक नव्हती. त्याच लेखात पुढच्या पानावर कटलिस्ट होती आणि तिच्यात प्रत्येक तुकड्याचं खरं माप छापलेलं होतं. पोराने ते पान उलटलंच नव्हतं. नवशिक्यांची घाई ही अशी असते. फोटो बघायचा, ठळक अक्षरातली सामानाची यादी वाचायची आणि गाडीला किक मारायची.

इंचाचं आपल्याला वावडं नाही, उलट सोयच आहे. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. अमेरिकन नकाशातले अपूर्णांक आपला मिस्त्री इंजिनिअरच्या आधी वाचतो. अडतं ते अशा नावाच्या मापांत. 'फोर क्वार्टर' लिहिलं असेल तर ती न रंधलेली एक इंची फळी, रंधल्यावर पाऊण इंचाच्या आसपास येते. 'बोर्ड फूट' असेल तर बाराने भागा, घनफूट मिळतात आणि टिंबर मार्केटात भाव घनफुटातच विचारायचा असतो. राउटरच्या पाऊण इंची बिटाने, म्हणजे पात्याने, खाच पाडून त्यात १८ मिलिमीटरचा प्लाय घातला तर एक मिलिमीटर खुळखुळतो. म्हणून मासिक चाळताना मी आधी कटलिस्ट उघडतो. खरं माप, जाडी आणि नग स्वच्छ दिलेले नसतील तर पुढचं वाचत नाही.

त्यांचा उन्हाळा आपला समजणं

ड्रॉवरला फट किती ठेवायची यावर अमेरिकन लेखात साधारण असं असतं की हिवाळ्यात करत असाल तर फट सोडा, उन्हाळ्यात करत असाल तर घट्ट चालेल. तिकडे ते बरोबर आहे. हिवाळ्यात घरं तापवलेली असतात, हवा कोरडी पडते, लाकूड आकसतं. उन्हाळ्यात दमट हवेने फुगतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात लाकूड खडखडीत वाळलेलं असतं आणि फुगतं ते आषाढात. आमच्या गल्लीत एकाने लेख वाचून मे महिन्यात घट्ट ड्रॉवर केले. जुलैत त्याचं लाइटबिल आत आणि तो बाहेर.

मी लेखातले महिने लाल पेन्सिलीने खोडतो आणि वर लिहितो 'पावसाळा' किंवा 'कोरडं'. बस. गगनबावड्याकडे, जिथं पाऊस फार, कोणासाठी करून द्यायचं असेल तर फट अजून थोडी जास्त. साग मेपल-ओकपेक्षा कमी हलतो, त्यामुळे त्यांच्या लाकडासाठी दिलेला आकडा सागाला बहुतेक वेळा जास्तच होतो. बाभूळ किंवा आंबा वापरणार असाल तर मात्र हात आखडता घेऊ नका.

अशा सगळ्या अडचणी बघून कोल्हापुरातल्या माणसाला मी 'ऑस्ट्रेलियन वुड रिव्ह्यू' बघायला सांगतो आणि कोणी ऐकत नाही, कारण यूट्यूबवर त्याचं नाव कोणी घेत नाही. मापं मिलिमीटरमध्ये. विजेचा दाब आपल्यासारखाच. लाकूड तिकडचंही जड, टणक, रेषा फिरलेलं, त्यामुळे रंधा मारताना उचकटलं तर काय करायचं याचं उत्तर पाइनवर हात बसलेल्यापेक्षा तिकडचा माणूस जास्त कामाचं देतो. ऋतू मात्र तिथले उलटे, हे वाचताना ध्यानात ठेवा.

हत्यारांच्या परीक्षणासाठी मासिक लावणं

हे मासिक वाचणं नव्हे, खरेदीला निमित्त शोधणं आहे. अमेरिकन परीक्षणातलं यंत्र १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. ट्रान्सफॉर्मर लावून चालवीन म्हणणारे भेटतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. राउटरच्या बाबतीत तर जपाच. त्यांच्या लहान बिटाचा दांडा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिलिमीटर. आपल्याकडे सहा मिलिमीटरचेही सर्रास मिळतात. पाव इंची कॉलेटमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या चिमट्यात, सहाचा दांडा आवळला तर तो आवळल्यासारखा वाटतो, फिरायला लागल्यावर सुटतो. मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेऱ्यांवर सुटलेलं बिट कुठं जाईल ते कोणी सांगू शकत नाही.

पॉलिशचे लेख मात्र जरूर वाचा. तिकडे ज्या शेलॅकच्या डब्याचं कौतुक असतं तो आपला चपडा, रंगाच्या दुकानात सुटा मिळतो.

आणखी काही, थोडक्यात

सवलत आहे म्हणून तीन वर्षांची वर्गणी भरू नका. 'अमेरिकन वुडवर्कर' २०१४ मध्ये बंद पडलं, 'पॉप्युलर वुडवर्किंग'च्या प्रकाशकाचं २०१९ मध्ये दिवाळं निघालं. ते मासिक दुसऱ्याने घेतलं म्हणून वाचलं. एक वर्ष पुरे.

टेलिग्रामवर फुकट मिळालेले हजार अंक साठवणाऱ्याने त्यातली एक खुर्ची केलेली मी अजून पाहिलेली नाही. चोरी ती चोरी, वर उपयोगही शून्य.

'प्लाय रिपोर्टर'सारखी मासिकं प्लाय-लॅमिनेटच्या व्यापारासाठी असतात. दुकान असेल तर घ्या. सांधा शिकायला त्यात काही नाही.

दोन मासिकं एकदम लावू नका. दोन्ही वाचायची राहतात.

कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलात तर वर्गणी भरून झाल्यावर लगेच बंद करा आणि आपोआप नूतनीकरणाची खूण काढून टाका. डॉलरच्या भावावर बँक आपला आकार वेगळा लावते, तो धरूनच मासिकाची किंमत काढा.

टॅबवर वाचत असाल तरी कटलिस्टचं पान छापून घ्या. फेविकॉलच्या बोटांनी काचेवर माप मोठं करून बघायला जाल तर टॅब जाईल. छापील अंकच मागवायचा असेल तर पत्ता असा द्या जिथं दिवसा कोणीतरी हातात घ्यायला असेल, दुकान किंवा ऑफिस. जून ते सप्टेंबर गेटच्या दांडीला अडकवलेला अंक संध्याकाळपर्यंत लगदा होतो, आणि प्रकाशकाला परत पाठवा म्हणून लिहिलंत तर पुढचा यायला किती महिने लागतील याचा नेम नाही.