पार्क स्टाफचं ट्रेनिंग आणि बागेतले कार्यक्रम: या चुका टाळा

बागा, मैदानं, स्विमिंग पूल, जॉगिंग ट्रॅक सांभाळणाऱ्या स्टाफला शिकवायचं आणि त्याच जागांवर लोकांसाठी कार्यक्रमही घ्यायचे, ही दोन्ही कामं बहुतेक ठिकाणी त्याच चार टाळक्यांच्या गळ्यात असतात. म्हणून दोन्हीकडच्या चुका एकत्रच लिहितोय. क्रमबिम काही नाही, ज्याचा वैताग जास्त त्याच्यावर जास्त लिहिलंय.

हॉलमध्ये बसवून ट्रेनिंग उरकणं

वर्षातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये कोंबायचं, सकाळपासून स्लाइडवर स्लाइड, संध्याकाळी हजेरीपटावर सह्या, ग्रुप फोटो, सर्टिफिकेट, झालं ट्रेनिंग. ज्या माणसाचा दिवस फावडं, ब्रश कटर (गवत कापायचं मशीन) आणि पाण्याचा पाइप यात जातो त्याला जेवण झाल्यावर अंधाऱ्या खोलीत बसवलं की तो पेंगणारच, त्याचा काय दोष. आणि खरं सांगायचं तर ट्रेनिंग ठेवणाऱ्यालाही शिकवायचं नसतं, त्याला फाइल पूर्ण करायची असते.

एका ठिकाणी मला प्रथमोपचाराची उजळणी घ्यायला बोलावलं होतं. मोठी जागा, ट्रॅक, पूल, मुलांचं मैदान सगळं आहे, आणि झाडून सगळ्यांकडे सर्टिफिकेट. मी म्हटलं छान, मग हॉलमध्ये नको, बाहेर चला. ट्रॅकच्या पार लांबच्या वळणावर सीपीआरचा (हृदय बंद पडल्यावर छाती दाबायच्या प्रथमोपचाराचा) पुतळा टाकला आणि सांगितलं, हा माणूस चालता चालता कोसळलाय, श्वास नाही, करा काय करायचं ते. पुढची पाच मिनिटं बघण्यासारखी होती. दोघं पळत आले आणि एकमेकांकडे बघत उभे राहिले. एकाने फोन लावल्याचं नाटक केलं, मी विचारलं की अँब्युलन्सला कुठल्या गेटवर बोलावणार, तर गेटना नावंच नाहीत, "तो मागचा, पंपाजवळचा" असं काहीतरी. एईडी मशीन, म्हणजे हृदयाला विजेचा शॉक देणारं, होतं हो, नव्हतं असं नाही, पण ते ऑफिसच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर सुट्टीवर. शेवटी किल्ली कुठूनतरी मिळाली तर छातीवर चिकटवायच्या पॅडची तारीख उलटून गेलेली.

आणि हीच मंडळी तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. मिनिटाला किती वेळा दाबायचं? १०० ते १२०. किती खोल? ५ ते ६ सेंटीमीटर. सगळं पाठ. पण पुतळ्यावर दाबायला लावलं तर पहिल्या मिनिटातच हात ढिले पडायला लागले आणि दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो हे कोणाला सुचलंच नाही. हृदय बंद पडल्यावर सीपीआर आणि शॉक मिळाला नाही तर वाचायची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते, म्हणजे किल्ली शोधण्यातच त्या माणसाचा निकाल लागला असता.

यावर माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे म्हणू नका. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं, एकच विषय, जिथे काम करतात तिथेच उभं राहून, आणि करून दाखवायचं ते सगळ्यात नवीन माणसाने. सिनियर लोक नुसते बघतात. आज एईडी आणा, पुढच्या वेळी मुख्य व्हॉल्व बंद करा, त्याच्या पुढच्या वेळी हरवलेलं मूल. गेटना नंबर द्या आणि तो नंबर गेटवर आतल्या बाजूनेसुद्धा मोठ्या अक्षरात लिहा, कारण फोन करणारा आत असतो. एईडीच्या पेटीला कुलूप नको म्हणजे नको. चोरीला जाईल म्हणतात, अहो मग अलार्मवाली पेटी घ्या, पण कुलूप कसलं लावताय. महिन्यातून एकदा त्याचा दिवा आणि पॅडची तारीख बघायची, ते एका माणसाच्या नावावर टाका. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही.

यातच अजून एक. ट्रेनिंगला ऑफिसवाले जातात आणि रविवारी संध्याकाळी जागेवर कोण असतो? कंत्राटी गार्ड, हंगामी लाइफगार्ड आणि नवीन लागलेला पोरगा. गर्दी त्यांच्या वाट्याला आणि सर्टिफिकेट दुसऱ्याच्या भिंतीवर.

वृक्षारोपण म्हणजे खड्डा, फोटो, टाटा

याच्यावर मी कितीही बोलू शकतो, घरचे उठून जातात.

लोकांना घेऊन करायच्या कार्यक्रमात हा सगळ्यात लाडका, आणि सगळ्यात जास्त वाट याचीच लागलेली असते. व्हॉलंटियर येतात, उत्साह असतो, हातात कुदळ प्रथमच आलेली असते, आणि त्यांना सांगणारं कोणी नसतं. मग खड्डा खोल खोल खणतात, कारण खोल म्हणजे मजबूत असं सगळ्यांना वाटतं. रोप आत, वरून माती बुंध्यापर्यंत, त्यावर आच्छादनाचा (पालापाचोळा, भुसा वगैरे) ढीग शंकूसारखा रचून बुंध्याला टेकवलेला, की झालं. फोटोत फार छान दिसतं.

एका मैदानाच्या कडेने अशी एक अख्खी रांग लावली होती. काही वर्षांनी तिथल्या लोकांनी मला बोलावलं, म्हणाले झाडं वाढत नाहीत आणि वाऱ्यात कलंडतात, कुठलं खत घालू? मी म्हटलं आधी एक उकरूया. हाताने माती बाजूला करत गेलो तर बुंधा विजेच्या खांबासारखा सरळ खाली चाललेला, जिथे तो रुंद होऊन मुळं फुटायला हवीत ती जागा काही केल्या येईना. आली तेव्हा माझं मनगट खड्ड्यात गेलं होतं. आणि तिथे काय? नर्सरीची काळी प्लास्टिकची पिशवी, नुसती तळाला फाडलेली, बाकी जशीच्या तशी. मुळं आतल्या आत गोल गोल फिरलेली आणि त्यातलं एक जाडजूड मूळ बुंध्यालाच विळखा घालून बसलेलं. शेजारचं उकरलं, तेच. तिसऱ्यानंतर मी उकरणं थांबवलं. खत काय घालता त्याला, खत!

तर, खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन-तीन पट रुंद पण गोळ्याच्या उंचीपेक्षा खोल अजिबात नको. बुंधा जिथे फाकतो तो भाग मातीच्या वर दिसलाच पाहिजे. पिशवी पूर्ण काढायची, गोल फिरलेली मुळं कापायची किंवा सोडवून पसरायची (इथे नवखे घाबरतात, मूळ कापलं तर मरेल ना सर? नाही मरत, नाही कापलं तर नंतर मरतं). आच्छादन ५ ते १० सेंटीमीटर, आणि बुंध्याभोवती मोकळी जागा सोडून. आळं करून पाणी, आणि पाणी एकदा नाही, पहिली दोन-तीन वर्षं. आधाराच्या काठीचं बांधलेलं साधारण वर्षभराने सोडायचं, नाहीतर ती दोरी सालीत रुतते.

मी स्वतः काय करतो, तर कार्यक्रमाच्या आधी एक झाड सगळ्यांसमोर हळूहळू लावतो, बोलत बोलत, आणि मग पाच-सहा जणांमागे आपला एक माळी उभा करतो ज्याला "हे परत काढा" म्हणायचा पूर्ण अधिकार असतो, समोर कोणीही असो. आणि झाडं कमी आणतो. लोक म्हणतात एवढीच? हो एवढीच, कारण पाणी घालणारी माणसं एवढीच आहेत. आधी पाण्याची यादी, कोण कधी घालणार, मग रोपांची ऑर्डर. उलटं करणाऱ्यांना मी आता समजावत बसत नाही.

एवढं करून जगलेलं झाड ब्रश कटरने मारलेलंही पाहिलंय. त्याची गरगर फिरणारी दोरी बुंध्याला लागली की सालीखालचा जिवंत थर सोलला जातो आणि गोल सोलला गेला की झाड गेलंच. बुंध्याभोवती गवतच ठेवू नका, विषय संपला.

कार्यक्रम थांबवायचा कोणी, हे न ठरवणं

ढग गडगडायला लागलेत, मैदानावर पोरं खेळतायत, आणि आयोजक, सुपरवायझर, माइकवाला तिघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघतायत. प्रमुख पाहुणे यायचेत म्हणून थांबू जरा. हे "जरा" फार वाईट.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, म्हणजे ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहाएक किलोमीटरच्या आत आहे. खेळ बंद, सगळे आत. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर ३० मिनिटं बाहेर यायचं नाही, आणि मध्ये परत ऐकू आला तर घड्याळ परत शून्यावर. आत म्हणजे पक्की बंद इमारत किंवा पत्र्याच्या टपाची बंद गाडी. मांडव, तंबू, चारी बाजूंनी उघडी शेड, झाड, यातलं काहीही आत नाही. एका माणसाचं नाव आधी कागदावर लिहा, त्याने बंद म्हटलं की बंद, मग पाहुणे कोणीही असोत.

मुलांच्या मैदानाची तपासणी लांबून करणं

वही घेऊन कट्ट्यावर बसायचं आणि "ठीक, ठीक, ठीक" लिहायचं. हाताने बघा ना राव. झोपाळ्याची कडी झिजलीय का, बोल्ट बाहेर आलाय का, ते बोटाला कळतं. साधारण ९ ते २३ सेंटीमीटरची फट दिसली की थांबा, तिच्यातून मुलाचं अंग जातं आणि डोकं अडकतं. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी वाळू किंवा लाकडाचा भुसा पायांनी उडून खड्डा पडतो, म्हणजे नेमकं जिथे पडायचं तिथेच गादी नाही, तर फावडं घेऊन ओढून सारखं करा, रोजचं काम आहे ते. उन्हात तापलेली घसरगुंडी, पत्र्याची असो की प्लास्टिकची, हाताच्या मागच्या बाजूने तपासा, आणि रबर मॅटही तापते हे लक्षात ठेवा. सायकलचं हेल्मेट घालून मूल वर चढत असेल तर काढायला सांगा, अडकतं. आणि तुटलेली कडी केबल टायने बांधून "तात्पुरतं" करणाऱ्याला माझ्यासमोर आणू नका.

बाकीच्या, पटापट

पूलचं क्लोरीन आणि अ‍ॅसिड शेजारी ठेवणं, किंवा एकच मग दोन्हीला वापरणं. दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो. आणि अ‍ॅसिड पाण्यात घालायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही.

लाइफगार्डला तिकीट फाडायला बसवणं. बुडणारा माणूस बहुतेक वेळा ओरडत नाही, हात हलवत नाही, गप्प खाली जातो. तिकीट कोणीही फाडेल.

नवीन माणसाला कडक उन्हात पहिल्याच दिवशी पूर्ण काम देणं. पहिल्या दिवशी साधारण २० टक्के, मग रोज तेवढंच वाढवत न्या. "आम्ही नाही का केलं" म्हणणारे प्रत्येक टीममध्ये असतात, त्यांच्या हातात पाण्याचा जार द्या आणि दर १५-२० मिनिटांनी सगळ्यांना ग्लासभर पाजायचं काम त्यांनाच द्या.

ओल्या लॉनवर साउंडची गाडी आणणं. माती जी दबते ती बहुतेक पहिल्याच एक-दोन चाकांच्या फेऱ्यांत दबते, त्यामुळे "एकदाच आत घेतो" हा युक्तिवाद चालत नाही. आणि मांडवाची खुंटी ठोकण्याआधी स्प्रिंकलरची लाइन कुठून जाते ते चुन्याने आखा, नाहीतर कार्यक्रमात कारंजं फुकट.

हरवलेलं मूल सापडलं की त्याचं नाव, कपडे, वय सगळं माइकवरून सांगणं. ऐकणाऱ्यात कोण आहे तुम्हाला माहीत नाही. पालकांना ठरलेल्या जागी बोलवा, मुलापाशी कायम दोन जण ठेवा, आणि मुलाचं वर्णन न्यायला येणाऱ्याला विचारा, तुम्ही त्याला सांगू नका.

पहिल्याच महिन्यात महोत्सव

नवीन लागलेल्या कोऑर्डिनेटर लोकांना एक विनंती. येताच तीन दिवसांचा महोत्सव, स्टेज, ड्रोन, असलं काही काढू नका. इंटरनेटवरून आराखडा उतरवून नाव बदललं की कार्यक्रम होत नाही. आधी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी बागेत नुसते बसा. सकाळी कोण येतं, दुपारी कोण, कोण गेटपर्यंत येऊन परत जातं आणि का. बऱ्याचदा ते परत जाणारेच कळीचे असतात, व्हीलचेअरला उतार नाही, बसायला सावली नाही, बायकांचं टॉयलेट सहाला बंद. ते दुरुस्त केलं तर महोत्सवापेक्षा जास्त माणसं येतील, फक्त त्याचं पोस्टर होत नाही म्हणून कोणाला करायचं नसतं. मग छोटं काहीतरी, पक्षी बघत एक फेरी, आठवड्यातून ठरलेल्या वाराला ठरलेल्या वेळी, चार माणसं आली तरी घ्यायचीच. दोनदा रद्द केलंत की लोक तिसऱ्यांदा येत नाहीत. आणि फुकट कार्यक्रमाला नाव नोंदवलेले सगळे येतील असं धरून खुर्च्या मागवू नका, बरेच येत नाहीत.

शेवटचं, नोंदवही. अपघात झाला की सगळे लिहितात, थोडक्यात वाचलो ते कोणी लिहीत नाही, म्हणजे फांदी पडली पण खाली कोणी नव्हतं, मूल पूलकडे पळालं पण आईने धरलं. त्यासाठी वेगळी वही ठेवा, तारीख, जागा, काय होऊ शकलं असतं, एवढेच तीन रकाने. "जबाबदार कोण" हा चौथा रकाना घालू नका, तो घातलेल्या वह्या मी बघितल्यात, सगळ्या कोऱ्या. आणि शिफ्टआधीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत कुठला विषय घ्यायचा हे याच वहीतून काढा.