टाकीतलं पाणी

मी मालवणचा. बाबांची आउटबोर्ड इंजिनची होडी, त्यामुळे पेट्रोलमध्ये पाणी हा आमच्या घरचा नेहमीचा पाहुणा. तो कॅनडात भेटेल असं मात्र वाटलं नव्हतं.

मित्राच्या सेस्ना १७२ या छोट्या विमानातून आम्ही १९४२ साली बांधलेला अलास्का हायवे धरून उत्तरेला चाललो होतो. वाटेतल्या वॉटसन लेक गावात रात्रभर पाऊस. सकाळी पंखातल्या टाकीच्या खालच्या ड्रेनमधून पेल्यात इंधनाचा नमुना घेतला तर नितळ, एकसारखा. मित्र खूश. मला रंग खटकला. १०० एलएल हे विमानाचं पेट्रोल निळसर असतं आणि याला तर वासही नव्हता. म्हणजे पेला पूर्ण पाण्याचाच! अर्धवट पाणी असतं तर तळाशी बुडबुडा दिसला असता. निव्वळ पाणी फसवतं.

बाबांना फोन लावला. तिकडे दिवेलागण झालेली.

"झाकणाचा रबर बघलंस काय?"

बघितलं. तडकलेलं! पावसाचं पाणी तिथूनच आत.

रबर बदललं. शेपूट खाली दाबून, पंख हलवून, थोडं थांबून पुन्हा नमुने काढले, इंजिनाच्या गाळणीचेही. सातव्या पेल्याला सगळं निळं. मग जमिनीवरच बराच वेळ इंजिन चालवून पाहिलं, तेव्हा कुठे निघालो. त्या दिवसापासून मुक्कामाला पोचलो की आधी टाक्या काठोकाठ. रिकाम्या जागेतल्या दमट हवेचंही पाणी होतं.

बाबांनी फोन ठेवता ठेवता विचारलंच, "आणि थय मासे काय गावतत?"