बे एरियात नव्याने आलेल्या डर्ट बाइकस्वारांसाठी

मुळशी-ताम्हिणीच्या कच्च्या रस्त्यांवर हात बसलेली मंडळी नोकरीनिमित्त सॅन होजे, फ्रीमाँट किंवा सनीव्हेलला येतात, जरा स्थिरावली की डर्ट बाइक घेतात आणि पहिल्याच खरेदीत फसतात. म्हणून सर्वांत आधी कागदपत्रांविषयी लिहितो.

सार्वजनिक ट्रेलवर चालणाऱ्या डर्ट बाइकला कॅलिफोर्नियात डीएमव्हीचे, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याचे, ग्रीन स्टिकर लागते. २०२२ किंवा त्यानंतरच्या मॉडेलची, उत्सर्जन प्रमाणपत्र नसलेली स्पर्धेची गाडी या स्टिकरला पात्रच नसते. माझ्या ओळखीच्या एका तरुणाने अशीच एक चकचकीत मोटोक्रॉस गाडी स्वस्तात मिळाली म्हणून घेतली. ती कोणत्याही ट्रेलवर नेता येईना आणि शेवटी मोठा तोटा सोसून विकावी लागली. तेव्हा पैसे देण्यापूर्वी फ्रेमवरील उत्सर्जनाची पट्टी वाचा, व्हिन क्रमांक (गाडीचा ओळख क्रमांक) पिंक स्लिपवरील, म्हणजे मालकीच्या कागदावरील, क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा, आणि पिंक स्लिप नंतर पाठवतो असे कोणी म्हणाले तर तिथूनच परत फिरा. विक्रेता आपल्या गावचा असला तरीही हाच नियम पाळा. ओळखीच्या भिडेपोटी झालेले व्यवहारच अधिक महागात पडलेले मी पाहिले आहेत.

सुरुवातीला होंडा सीआरएफ २५० एफ किंवा यामाहा टीटी-आर २३० पुरेशी आहे. बूट मात्र नवे आणि उत्तम घ्या.

जागेच्या बाबतीत माझे मत ठाम आहे: पहिले काही महिने हॉलिस्टर हिल्स या अशा गाड्यांसाठीच्या सरकारी उद्यानालाच जावे. कार्नेगी हे तसेच दुसरे उद्यान लिव्हरमोर आणि ट्रेसीच्या मधे असल्याने फ्रीमाँटकरांना जवळ पडते, परंतु तिथले चढ अंगावर येणारे आहेत आणि उन्हाळ्यात धूळ असह्य होते. हॉलिस्टरला लोअर रँच या भागात मोटरसायकलींसाठी अरुंद वाटांचे मोठे जाळे आहे. हिरवे वर्तुळ, निळा चौकोन आणि काळा हिरा या खुणा सोप्या वाटेपासून अवघड वाटेपर्यंतची चढती श्रेणी दाखवतात. हिरव्या वाटांवर उभे राहून चालवण्याची सवय होईपर्यंत निळ्याकडे वळू नये. पावसात चिखल तुडवण्याची आपली हौस इथे आवरावी लागते, कारण ओल्या मातीत चाकांनी पडलेल्या चरांतून पाणी वाहते आणि वाट खचते. म्हणूनच पावसानंतर ट्रेल बंद ठेवतात, आणि हा नियम मला पूर्णपणे योग्य वाटतो. राष्ट्रीय वनांमध्ये, उदाहरणार्थ स्टोनीफर्डला, जाताना वनखात्याचा वाहनमार्गांचा नकाशा जवळ ठेवा. तो मोफत मिळतो आणि त्यावर नसलेली वाट बंद समजावी.

एकट्याने कधीही जाऊ नका. दऱ्यांमध्ये फोन लागत नाही आणि मोडलेल्या पायाने गाडीखालून निघता येत नाही. किमान तिघे हवेत: एक जखमीपाशी थांबतो, दुसरा मदत आणतो.

सोबतीसाठी केवळ मराठी मंडळात विचारून थांबू नये. तिथे हौशी पुष्कळ भेटतात, पण शनिवारी पहाटे पाचला ट्रेलर जोडून निघणारे थोडे असतात. अमेरिकन मोटरसायकलिस्ट असोसिएशनच्या डिस्ट्रिक्ट ३६ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातील क्लब आहेत. वाटांच्या दुरुस्तीचे श्रमदान असेल तेव्हा फावडे घेऊन जा. तिथे दिवसभर सोबत काम केलेली माणसे पुढच्या फेरीला आपणहून बोलावतात. इथले जुने स्वार आपल्याला तुटक वाटतात, पण वाटेत बंद पडलेली गाडी सोडून पुढे गेलेला एकही मी पाहिलेला नाही.

गटात चालताना फाटा आला की मागचा स्वार दिसेपर्यंत तिथेच थांबायचे. अरुंद वाटेवर समोरून कोणी आले तर आपल्या मागे जितक्या गाड्या असतील तितकी बोटे डाव्या हाताने दाखवायची, आणि आपण शेवटचे असलो तर मूठ मिटून दाखवायची.