अतिशीत रेणूंच्या टकरी: या चुका टाळा

‘थंड केलं की अभिक्रिया मंदावते, मग शून्य केल्विनजवळ ती थांबतच असणार.’ ही पहिली चूक. तापमानावरून अभिक्रियेचा वेग सांगणाऱ्या अऱ्हेनियसच्या सूत्रात तापमान शून्याकडे नेलं की उत्तरही तसंच येतं. पण ते सूत्र वाटेत ऊर्जेची टेकडी आहे असं धरून चालतं. पोटॅशियम आणि रुबिडियमचा एकेक अणू जोडून केलेले दोन रेणू भेटले, तर ती टेकडी नसतेच. २०१० मध्ये अमेरिकेत बोल्डर इथे डेबोरा जिन आणि जुन ये यांच्या गटाने काहीशे नॅनोकेल्विनला (नॅनोकेल्विन म्हणजे केल्विनचा अब्जावा भाग) हे रेणू भराभर नाहीसे होताना पाहिले.

दुसरी चूक म्हणजे बिलियर्डच्या गोट्या डोळ्यांपुढे आणणं. ३०० नॅनोकेल्विनला हा रेणू सेकंदाला जेमतेम ७-८ मिलिमीटर सरकतो (मुंगी याहून चपळ!) आणि तो लाटेसारखा पसरतो: त्याची तरंगलांबी त्याच्या आकाराच्या शेकडो पट होते. नेम धरून आपटायला तिथे गोटी उरतच नाही.

म्हणूनच ‘ऊर्जा किती?’ याआधी ‘दोघे हुबेहूब एकसारखे आहेत का?’ हे विचारावं. हे रेणू फर्मिऑन, म्हणजे दोन हुबेहूब असले तर एकाच जागी येऊ न शकणारे कण. सगळे एकाच अवस्थेत असतील तर त्यांना थेट समोरासमोर येता येत नाही. एकमेकांना वळसा घालतच यावं लागतं. रासायनिक टेकडी नसली, तरी त्या वळशातून सुमारे २४ मायक्रोकेल्विन (२४,००० नॅनोकेल्विन) इतक्या ऊर्जेची भिंत उभी राहते आणि रेणूंना ती चढून नव्हे, तर क्वांटम नियमांनी आरपार ‘बोगदा’ काढून पार करावी लागते. आता काही रेणूंच्या अणुकेंद्रांचा फक्त स्पिन (कणाचा एक अंगभूत क्वांटम गुण) बदला. मग ते बाकीच्यांशी हुबेहूब राहत नाहीत. बंध तेच, तापमान तेच, पण अभिक्रियेचा वेग १० ते १०० पट वाढतो. गणितात स्पिन ‘किरकोळ’ म्हणून सोडला, तर उत्तर इतकं चुकतं.

लेसरच्या सापळ्यात धरून ठेवलेले रेणू घटू लागले तर? आधी घनतेचा व्यस्त (१ भागिले घनता) काळासमोर आलेखात मांडून पाहा. सरळ रेषा आली तर दोन-दोन रेणू मिळून जात आहेत. रेषा वाकली म्हणून लगेच वेगळं कारण शोधू नका: दाट मध्यभागातले थंड रेणू आधी जातात आणि उरलेला ढग तापतो, त्यानेही ती वाकते.

सरळ रेषा म्हणजे अभिक्रियेचा पुरावा, ही मात्र घाई झाली. बोल्डरला दिसली होती ती घट. तयार झालेले रेणू थेट टिपले ते २०१९ मध्ये हार्वर्डला, कांग-कुएन नी यांच्या गटाने. रुबिडियम-सीझियमच्या रेणूंची तर आपसांत अभिक्रिया होऊच शकत नाही, तरी ते जातात. दोन रेणू काही काळ चिकटून राहतात आणि सापळ्याचाच लेसर त्या जोडीला उडवतो. तपासायचं असेल तर लेसर थोडा थोडा वेळ बंद ठेवा. अंधाराचा वेळ जोडीच्या आयुष्याहून कमी ठेवला, तर चाचणी फुकट जाते. या रेणूंत ते आयुष्य सुमारे अर्धा मिलिसेकंद आहे. आणि एका रेणूवर जमलं म्हणून दुसऱ्याला तेच लावू नका. सोडियम-रुबिडियमवर हाच प्रयोग झाला, तेव्हा अंधारातही घट तशीच राहिली.