भोक पाडायच्या आधी भिंत ओळखा, मग बिट निवडा

पडद्याचा रॉड लावताना बहुतेकांचं खिडकीवरच अडतं. बाकी भिंतीत बिट भसाभस आत गेलेलं असतं आणि इथे मात्र गिलावा संपला की जागच्या जागी फिरत बसतं, माणूस जोर लावून लावून घामाघूम. मशीन बिघडलेली नसते, तिथे लिंटल असतो म्हणजे सळया घातलेलं काँक्रीट, आणि मशीनला लावलेलं असतं लोखंडात नाहीतर लाकडात भोक पाडायचं बिट.

दुकानात नुसतं सहाचं बिट द्या म्हणू नका, मेसनरी बिट म्हणा आणि टोक नीट बघा. खाचेत बसवलेली राखाडी पट्टी दिसेल, दांड्यापेक्षा किंचित रुंद, ती टंगस्टन कार्बाइडची. फोडायचं काम तीच करते, त्यामुळे कोपरा उडालेला असेल तर घेऊ नका. मागचं टोक पण बघा, गोल दांडा साध्या चकला (मशीनचा बिट पकडणारा जबडा) आणि खाचावाला एसडीएस प्लस रोटरी हॅमरला. विटांच्या भिंतीला साधी इम्पॅक्ट ड्रिल पुरते, पण स्लॅब-बीममध्ये पाच-सहा भोकं पाडायची असतील तर रोटरी हॅमर एक दिवस भाड्याने आणाच, त्यात आतला पिस्टन ठोके मारतो, आपण फक्त सरळ धरायचं.

आता मुख्य गोष्ट, भुकटी बघत राहा. आधी राखाडी येते तो गिलावा, मग लाल यायला लागली की वीट. लाल आलीच नाही आणि बिट अडतंय तर काँक्रीट. पांढरट हलकी पावडर येतेय आणि बिट आपोआप आत चाललंय तर सिपोरेक्सचे म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक, तिथे मशीनचा हॅमर म्हणजे ठोके मारायची सेटिंग बंद करा, नाहीतर भोक ऐसपैस होतं आणि गिट्टी, म्हणजे स्क्रू धरणारा प्लास्टिकचा प्लग, आत गरागरा फिरते. कोकणातल्या जांभ्याच्या चिऱ्यालाही आधी हॅमर बंद ठेवूनच बघा, त्यात पोकळ्या असतात. टाइल्स असतील तर वर मास्किंग टेप, आणि टाइल पार होईपर्यंत हॅमर अजिबात नाही.

गिट्टी 6 मिमीची तर बिटही 6 मिमीचं. आतला गिलावा साधारण 12 ते 15 मिमी असतो, तो वजन धरत नाही, गिट्टी विटेत गेली पाहिजे, म्हणून गिट्टीच्या लांबीत गिलाव्याची जाडी आणि वर 10 मिमी वाढवून बिटला टेप गुंडाळा, तिथवर गेलं की थांबा. मधेमधे बिट बाहेर काढून भुकटी निघू द्या. तापलेलं बिट पाण्यात बुडवू नका, मी एकदा मगमध्ये बुडवलं, चुर्र झालं आणि पुढच्याच भोकात पट्टीचा तुकडा पडला.

काँक्रीटमध्ये बिट एकदम अडलं, आवाज बदलला आणि चकचकीत कण दिसले तर सळई लागलीय. ती कापायची नाही, भोक दीड-दोन इंच बाजूला घ्या. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या रेषेत तर मशीन लावूच नका. गॉगल आणि मास्क हवाच, या धुळीत सिलिका असते, फुफ्फुसाची कायमची वाट लागते.

शेवटी भोक पंपाने साफ करून गिट्टी हातोडीने हलकेच ठोका. बोटाने दाबली आणि सरकन आत गेली तर भोक मोठं झालंय, तिच्यात काड्या कोंबत बसू नका, 8 चं बिट घ्या, 8 ची गिट्टी आणि तिला साजेसा जाड स्क्रू.