शब्दाला टाळ्या किती? मुलांना शब्दातले तुकडे मोजायला शिकवताना

चार-पाच वर्षांच्या मुलाला शब्दातले तुकडे कानाने ओळखता यायला लागले, की पुढे वाचता-लिहिताना शब्द फोडणं त्याला सोपं जातं. यासाठी पाटी-पेन्सिल नको. उलट सुरुवातीला लिहिलेला शब्द मुलासमोर नसावाच.

१. घरातल्या माणसांपासून सुरू करा. 'मामा'ला दोन टाळ्या, 'आजोबा'ला तीन. आधी तुम्ही करून दाखवा, मग दोघं मिळून, मग मूल एकटं. सावकाश म्हणा.

२. काही मुलं टाळ्या वाजवतच सुटतात. त्यांना तळहात हनुवटीखाली धरायला सांगा. 'आ-जो-बा' म्हणताना हनुवटी तीनदा खाली येते, ते हाताला कळतं.

३. आता चिंचोके घ्या. दर तुकड्याला एक चिंचोका पुढे सरकवायचा, मग मोजायचे. मोजणी अजून पक्की नसेल तर दोन शब्दांच्या ओळी शेजारी मांडा आणि कुठली लांब ते विचारा. तेवढंही पुरे.

४. शब्द मात्र जपून निवडा. 'घर' लिहिताना अक्षरं दोन, पण बोलताना टाळी एकच. 'कमळ' आपण 'क-मळ' असं म्हणतो, 'चिमणी' 'चिम-णी' आणि 'काकडी' 'काक-डी'. मोठ्यांच्या डोळ्यांपुढे लिहिलेला शब्द असतो, म्हणून ते तीन टाळ्यांची वाट पाहतात आणि दोन वाजवणाऱ्या मुलाला चूक ठरवतात. त्याने नीट ऐकलेलं असतं! अशा वेळी मुलाचा स्वतःच्या कानावरचा विश्वास जाऊ देऊ नका. म्हणून सुरुवातीला अक्षरं आणि टाळ्या जुळतील असेच शब्द घ्या: केळी, भेंडी, बटाटा, जिलेबी, साबुदाणा. 'घर', 'फणस', 'चिमणी' नंतर.

शाळेत 'तीन अक्षरी शब्द' सुरू झाले की सरळ सांगा: 'कमळ' लिहायला तीन, बोलायला दोन. अभंगातही अक्षरंच मोजतात, तिथे 'घर' दोन अक्षरांचं धरतात. दोन्ही मोजण्या खऱ्या आहेत, फक्त एकाच खेळात मिसळू नयेत.

५. जोडाक्षरांची घाई नको. आलीच तर 'पुस्-तक', 'चप्-पल' असं म्हणून दाखवा.

मूल चुकलं तर उत्तर सांगून टाकू नका, शब्द पुन्हा एकत्र म्हणा. दिवसातून पाच मिनिटं पुष्कळ झाली, पोळ्या लाटतानाही जमतं.

हे सहज यायला लागलं की तुकडा काढायचा खेळ खेळा. 'पोळपाट'मधला 'पोळ' काढला तर? 'पाट'. आणि 'बटाटा'मधला 'ब' काढला तर? 'टाटा'!