विशबोनचा ब्लॉक एएक्सआय बसला जोडताना

चिपमध्ये वापरायचा तयार आयपी ब्लॉक (आधीच रचून ठेवलेला सर्किटचा भाग) विशबोन इंटरफेसचा असेल आणि बाकीची यंत्रणा एएक्सआय४-लाइटवर चालत असेल (दोन्ही चिपमधील भागांना जोडणाऱ्या बसचे नियमसंच आहेत), तर दोघांच्या मध्ये एकाचे सिग्नल दुसऱ्याच्या नियमांत बदलणारा ब्रिज लिहावा लागतो. ब्लॉकच्या मूळ कोडमध्येच फेरफार करण्याचा मोह टाळावा, कारण नवी आवृत्ती आली की ते फेरफार पुन्हा करावे लागतात आणि आधी झालेल्या चाचण्यांचा भरवसाही उरत नाही.

कोडला हात लावण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे नियम समोरासमोर लिहून काढावेत. सिग्नलची नावे जुळवणे हे त्यातले सर्वांत सोपे काम आहे. पत्ता बाइटमध्ये मोजला आहे की वर्डमध्ये, बाइटचा क्रम कोणता आणि चूक कळवण्याची सोय दोन्हीकडे आहे का, हे मात्र नीट तपासावे लागते. रिसेटही उलट असतो : विशबोनमध्ये तो १ असताना लागू होतो, एएक्सआयमध्ये ० असताना.

खरी अडचण लेखनाच्या व्यवहारात येते. साध्या विशबोन चक्रात मास्टर (व्यवहार सुरू करणारा, इथे आपला ब्लॉक) सीवायसी आणि एसटीबी हे विनंतीचे सिग्नल वर (म्हणजे १) धरून एसीके हा पोचपावतीचा सिग्नल येईपर्यंत थांबतो. एएक्सआयमध्ये मात्र पत्ता, डेटा आणि प्रतिसाद यांचे चॅनल वेगळे असल्याने स्लेव्ह (विनंतीला उत्तर देणारा) पत्ता आधी स्वीकारेल की डेटा, हे ठरलेले नसते. म्हणून कोणता चॅनल पार पडला याची नोंद ठेवणारे दोन फ्लिप-फ्लॉप (एक बिट साठवणारे घटक) ब्रिजमध्ये ठेवावेत आणि ज्या चॅनलवर व्हॅलिड (पाठवणाऱ्याचा ‘माहिती तयार आहे’ हा सिग्नल) व रेडी (घेणाऱ्याचा ‘स्वीकारतो’ हा सिग्नल) एकाच क्लॉकला जुळले, तिथला व्हॅलिड लगेच खाली आणावा. अन्यथा तीच विनंती दुसऱ्यांदा जाते. व्हॅलिड वर करण्यासाठी रेडीची वाट पाहू नये, कारण समोरचा रेडी देण्यापूर्वी व्हॅलिडची वाट पाहू शकतो आणि मग दोघेही अडकून पडतात. एसीके प्रतिसाद आल्यावरच द्यावा. प्रतिसादात चूक असेल तर ईआरआर हा विशबोनचा चूक कळवणारा सिग्नल द्यावा; तो ऐच्छिक असल्याने मास्टरकडे नसेल, तर एसीके देऊन चूक वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवावी.

वाचनात एक सापळा आहे. लेखनात कोणते बाइट लागू आहेत हे सांगणारा विशबोनचा एसईएल एएक्सआयच्या तशाच डब्ल्यूएसटीआरबीला जोडता येतो, पण वाचनासाठी एएक्सआयमध्ये असा सिग्नलच नाही. त्यामुळे वाचताच रिकामे होणारे रजिस्टर फक्त शेजारचा बाइट वाचायचा असला तरीही रिकामे होऊ शकते.

दोन्ही बाजूंचे क्लॉक वेगळे असतील, तर डेटाच्या प्रत्येक बिटला स्वतंत्र सिंक्रोनायझर (सिग्नल दुसऱ्या क्लॉकशी जुळवून घेणारे सर्किट) लावू नये, कारण सर्व बिट एकाच क्लॉकला पलीकडे पोहोचतील याची खात्री नसते. ग्रे कोडमधील (दर पुढच्या आकड्याला एकच बिट बदलणाऱ्या पद्धतीतील) पॉइंटर असलेला असिंक्रोनस फिफो, म्हणजे एका क्लॉकवर भरून दुसऱ्यावर त्याच क्रमाने रिकामी होणारी रांग, हा तिथला योग्य उपाय आहे.

सिम्युलेशनमध्ये रेडी आणि प्रतिसाद यांना यादृच्छिक विलंब द्यावा, आणि एकदा वर गेलेला व्हॅलिड रेडी मिळेपर्यंत खाली येत नाही व तोवर पत्ता किंवा डेटा बदलत नाही, हे असर्शन (नियम मोडताच चूक दाखवणारी तपासणी) प्रत्येक चॅनलवर लावावे.